बाटलीच्या गळ्यातला कागद

मी कागद बोलतोय. साधासुधा नाही हं! कीटकनाशकाच्या बाटलीच्या गळ्यात रबरानं बांधलेलं माहितीपत्रक. दहा भाषा येतात मला. अक्षर मात्र मुंगीएवढं, कारण छापणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की मला कोणी वाचणार नाही.

नागरा गावच्या धनलालनं मात्र माझा मान राखला. 'हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका' असं माझ्यावर छापलंय, म्हणून त्यानं माझ्यातच खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, बांधला. तोंडाला फडकं न बांधता तो सकाळभर धानावर फवारत राहिला आणि तोच खर्रा चघळत राहिला.

दुपारी कुडवा गावच्या चौकात त्याचे पाय लटपटले. तोंडातून लाळ, अंगभर घाम, भररस्त्यात उलटी. लोक लगेच डॉक्टर झाले. "भरदुपारीच टुन्न!" एकानं टाळूवर लिंबू चोळलं, बाकीच्यांनी व्हिडिओ काढले. मी खिशातून कितीही ओरडलो तरी ऐकतो कोण?

भुपेंद्र शिपायानं त्याला ठाण्यात आणलं. "किती मारली?"

"सकाळपासून मारूनच राहिलो जी," धनलाल कसाबसा बोलला. "बारा पंप मारले."

"घ्या! कबूल बी केलं."

आमच्याकडे फवारणीही मारतात आणि दारूही. भुपेंद्रसाहेबांना बिचाऱ्यांना एकच मारणं ठाऊक. लगेच दारूबंदी कायदा, कलम पंच्याऐंशी. डॉक्टरी तपासणी? ती म्हणे शुद्धीवर आल्यावर. झडतीत मी टेबलावर आलो आणि माझ्यावर साहेबांचा चहाचा कप आला.

धनलालचा श्वास घरघरू लागला. खरं सांगतो, तेव्हा माझी सगळी थट्टा जिरली. माणूस डोळ्यांदेखत मरत होता आणि त्याला वाचवायची रीत माझ्या अंगावर, कपाखाली होती.

तेवढ्यात व्हिडिओ पाहून त्याची बायको चमेली धावत आली. तिनं वाकून त्याचं तोंड हुंगलं.

"दारूचा वास येऊन राहिला का जी? नाक घरी ठेवून आले का तुमी?"

कप सरकवून तिनं मला उचललं. मोबाईलनं फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि मोठ्यानं वाचलं, "घाम, लाळ, उलट्या, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, ताबडतोब दवाखान्यात न्या."

भुपेंद्रनं धनलालची पापणी उचलली. मग तो स्वतःच साबण आणायला पळाला. दवाखान्यात मलाही नेलं. डॉक्टरांनी माझ्यावरून विषाचं नाव वाचून उतारा दिला.

धनलाल वाचला. रक्तात दारूचा थेंब निघाला नाही, पण गुन्हा आधीच लिहून झालेला. त्यामुळे मी पुरावा! पाकिटात बंद, वर लाखेचं सील.

काल चमेली ठाण्यात आली. "कागद वापस द्या जी. परवा फवारणी हाय."

"सील मारलं आहे बाई," भुपेंद्र म्हणाला.

"तुमी बी मारूनच राहिले!" ती म्हणाली. "फोटो हाय माझ्यापाशी. तुमच्या मोबाईलात टाकते, वाचून ठेवा. पुढचा माणूस बी असाच झोकांड्या खात येईन."

टुंग करून फोटो पोचल्याचं मी पाकिटातून ऐकलं. भुपेंद्रनं तो मोठा करून पाहिला का, ते इथून दिसत नाही. भाऊ, दोन बोटं तर लावायची आहेत.