पाण्याच्या ट्रेलरचा बारा पिनांचा प्लग

मी प्लग बोलतोय. मोबाईल चार्ज करायला तुम्ही भिंतीत खुपसता तो आमच्या भाऊबंदांतला, पण सुखवस्तू घरातला. मी लष्करी ट्रेलरचा प्लग. पाण्याची टाकी वाहून नेणारा एक ट्रेलर आहे, त्याच्या पुढून मनगटाएवढी जाड केबल निघते आणि तिच्या टोकाला मी असतो. मला ट्रकच्या मागच्या सॉकेटात बसवलं की ट्रकची वीज माझ्यातून ट्रेलरच्या दिव्यांकडे जाते. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ट्रेलरच्या पाठीवर लाल दिवा लागतो आणि मागच्या गाडीला कळतं, आता थांबायचं.

कारखान्यात माझ्या पोटात बारा पितळी पिना बसवल्या तेव्हा मी फार तोऱ्यात होतो. लष्करात निघालोय म्हटल्यावर छाती फुगणारच! इथे आलो आणि हवा निघाली. लोक तोफेला सलाम ठोकतात, ट्रकशेजारी उभं राहून फोटो काढतात, आणि माझ्यावर पाय देऊन पुढे जातात. माझं झाकण पहिल्याच वर्षी तुटलं. त्यानंतर माझ्या तोंडात चिखल गेला, मुंग्या गेल्या, एकदा तर कोणीतरी अर्धा डबा ग्रीस कोंबलं. माया अशीही असते.

पण सगळ्यात जास्त छळलं ते भाऊजींनी. भाऊजी म्हणजे आमच्या ट्रकचे ड्रायव्हर. त्यांची बायको वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. तिला सगळं वर्कशॉप ताई म्हणतं, म्हणून हे सगळ्यांचे भाऊजी. माणूस लाखात एक, गाडीवर हात असा की भरलेल्या टाकीतलं पाणी हिंदकळू देणार नाहीत. पण मला सॉकेटातून काढताना माझं डोकं धरायचं सोडून केबल धरून खेचायचे. दर वेळी. आत माझ्या तारा कळवळायच्या.

"अहो," ताई म्हणायची. वर्कशॉपमध्ये ती 'अहो' असं म्हणायची की त्यापेक्षा शिवी परवडली. "बैलाला शेपटी धरून गोठ्यातून काढता का?"

"अगं, निघाला ना बाहेर? मग झालं तर."

मी मनात म्हणायचो, ताई, तुझं घरात तरी ऐकतात का गं हे?

ताईचं काम मी जवळून पाहिलंय, अगदी पोटातून पाहिलंय म्हणा ना. तिच्या जोडीला एकजण होता, त्याला सगळे टेपवाला म्हणायचे. तार तुटो, नळी फुटो, खुर्ची मोडो, त्याच्याकडे उपाय एकच. ताई मात्र टेप लावलेली दिसली की आधी ती सोलून काढायची. जखमेवर कोणी चादर पांघरतं का, असं तिचं म्हणणं. तिची बोटं जाड, नखांत कायम काळं, पण केसासारखी बारीक तार ती फुलासारखी उचलायची. तिने हातात घेतलं की मला बरं वाटायचं. खरंच सांगतो, तिच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

तर त्या सकाळची गोष्ट. घाटापलीकडच्या चौकीवरची पाण्याची लाईन फुटली होती. तिथले जवान पेल्याने मोजून पाणी पीत होते. ताफा तयार झाला. पुढे काही ट्रक, मग आमचा पाण्याचा ट्रेलर घेऊन भाऊजी, आणि बरोबर आमच्यामागे त्यांची लेक. नुकतीच ड्रायव्हर झालेली, ताफ्यात पहिल्यांदाच निघालेली. तिला सामानाचा ट्रक दिला होता. घाटाचा रस्ता कच्चा. पुढच्या गाड्या अशी धूळ उडवतात की मागच्याला फक्त पुढचा दिवा दिसतो, बाकी जग नाही. आणि दुपारनंतर या बाजूने घाटात नवी गाडी सोडत नाहीत, आधी गेलेल्या पार झाल्या की पलीकडच्या सोडतात, म्हणजे निघायचं ते दुपारच्या आत.

निघण्याआधी दिवे तपासतात. एकजण ट्रकमध्ये बसून बटणं दाबतो, दुसरा मागून ओरडून सांगतो. भाऊजी आत बसले, टेपवाला मागे उभा राहिला. भाऊजींनी ब्रेक दाबला. मागे काहीतरी लागलं.

"ओके!" टेपवाला ओरडला.

ताई तिथूनच चालली होती. ती थबकली. "परत दाबा."

ट्रेलरचा लाल दिवा लागायला हवा होता. त्याऐवजी डाव्या वळणाचा पिवळा दिवा मिणमिणत होता.

माझं दुखणं तिथे होतं. दिव्याकडे गेलेल्या विजेला परत यायची वाट लागते. ती वाट म्हणजे माझी जाड काळी तार. ती आतल्या आत तुटत आली होती. परतीची वाट बंद झाली की वीज मिळेल त्या दाराने बाहेर पडते, तशी ती दुसऱ्याच दिव्यात शिरत होती.

टेपवाल्याने मीटर लावला. मीटर म्हणाला, सगळं बरोबर आहे. मीटरला जेमतेम वीज लागते, म्हणून तारेच्या शिल्लक दोन-तीन धाग्यांवर त्याची समजूत पटते, दिव्याची पटत नाही. "ताई, मीटर ठीक सांगतोय. टेप मारतो आणि जाऊ दे."

"दिवसाचा प्रवास आहे," भाऊजींनी खिडकीतून डोकं काढलं. "वर माणसं तहानलीत आणि तू दिव्याचं काय घेऊन बसलीस?"

ताई ट्रककडे गेली. तिने ट्रकचं दार उघडलं. "उतरा. मागे जाऊन उभे राहा."

"मागे कुठे?"

"लेकीची गाडी जिथे असणार आहे, तिथे."

भाऊजी कुरकुरत गेले. ताई त्यांच्या जागी बसली आणि तिने ब्रेक दाबला. "काय दिसतंय?"

"डावं वळण."

"लाल दिसतोय?"

"नाही."

"तुम्ही घाटात ब्रेक मारलाय. तिला दिसतंय की बाबा डावीकडे वळले. घाटात डावीकडे काय आहे?"

"दरी," ते म्हणाले.

मी ट्रकच्या सॉकेटात होतो, मला त्यांचा चेहरा दिसला नाही. पण ते तिथून जे निघाले ते थेट ताफ्याच्या कॅप्टनसाहेबांकडे. "साहेब, माझा ट्रेलर आत्ता निघणार नाही," त्यांनी स्वतःच सांगितलं.

कॅप्टनसाहेब लगबगीने आले. "ताई, दुपारच्या आत होईल?"

"सांगता येत नाही साहेब. पण झाल्याशिवाय पाठवणार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे असं नीट पाहणारे ते पहिलेच अधिकारी. "चालू द्या," ते म्हणाले. "वर मी कळवतो." वाऱ्याने धूळ माझ्या उघड्या पोटात जाऊ लागली तेव्हा ते स्वतः वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

ताईने मला उघडलं. केबलला घट्ट धरणारी माझ्या मानेवरची पट्टी ढिली पडली होती, म्हणून प्रत्येक हिसका थेट तारेला बसत होता. तिने हिरवी पडलेली तार कापली. अजून हिरवी दिसली, अजून कापली. लखलखीत तांबं दिसेपर्यंत ती थांबली नाही. मग नवी पिन घालून पकडीने दाबली आणि ओढून पाहिली. एकीवर भागलं नाही. बाराच्या बारा पिना एकेक करून ओढल्या. दोन निसटल्या, त्याही नव्या घातल्या. तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडेल म्हणून भाऊजींनी आपल्या रुमालाने तो पुसला, सगळ्या वर्कशॉपदेखत. टेपवाला दुसरीकडे बघू लागला.

रबर बसवलं, पट्टी आवळली, मला सॉकेटात बसवलं. ताईने ब्रेक दाबला. भाऊजी मागे त्याच जागी उभे होते.

"लाल," ते म्हणाले. नंतर मोठ्याने म्हणाले, "लाल!"

दुपार व्हायला थोडाच वेळ असताना सगळा ताफा निघाला.

घाटात काय झालं विचाराल, तर काहीही झालं नाही. चढ संपला, उतार लागला, धुळीचे लोट उठले. भाऊजी ब्रेक दाबत, वीज माझ्या पोटातून धावत जाई, मागे लाल उजेड पडे आणि त्यांची लेक थांबे. पुन्हा निघायचं, पुन्हा थांबायचं. एका वळणावर दगड कोसळून रस्ता अर्धा झाला होता. भाऊजींनी करकचून ब्रेक दाबला. ती थांबली. बस, एवढंच.

संध्याकाळी चौकीवर टाकीची तोटी उघडली, जवानांनी बादल्या लावल्या. लेक धुळीने माखून ट्रकमधून उतरली आणि पहिलं काय म्हणावं तिने?

"बाबा, उतारावर किती ब्रेक मारता हो! आणि तो दिवा केवढा प्रखर. डोळे दुखले माझे."

एरवी भाऊजींनी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी रुमालाने तिच्या तोंडावरची धूळ पुसली. मग त्यांनी स्पीकरवर फोन लावून तिच्या हातात दिला. "आईकडे तक्रार कर."

"आई, बाबांच्या ट्रेलरचा दिवा फारच डोळ्यांवर येतो गं. जरा कमी होईल का?"

"नाही होणार," पलीकडून ताई म्हणाली. "जेवलीस का?"

आता माझं वय झालंय. अंगाचे टवके उडालेत, रबर कडक पडलंय, पण काळी तार शाबूत आहे. माझ्या जागी नवा प्लग येणार म्हणतात. येऊ दे बापडा, ताईच्या हाताखाली येतोय म्हणजे नशीबवानच.

जाता जाता एक मागणं. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की थांबत जा. तो तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून कुणीतरी जमिनीवर बसून तार पुन्हा पुन्हा ओढून पाहिलेली असते. थांबल्यावर दिव्याला नावं ठेवलीत तरी हरकत नाही. नावं ठेवायला तुम्ही सुखरूप आहात, एवढ्यावर आम्ही खूश असतो.