तोरण्याच्या ससाण्यांची शिरगणती

तोरण्याच्या कड्यावरची ससाण्याची मादी माघात छर्रे लागून मेली. हे वाक्य वाचून झालं असेल तर कृपया विसरावं. सह्याद्री पक्षिगणना मंडळानंही ते विसरायचं ठरवलं, आणि मंडळ पुण्याचं असल्यामुळं त्यांना ते लगेच जमलं.

तर मादी जिवंत आहे. साल १९३४ आहे, दसरा नुकताच झालाय आणि मंडळाचा मोजणीदार नजीर गळ्यात दुर्बीण अडकवून वेल्ह्याच्या वरच्या वाडीत उभा आहे.

नजीर भोरचा. त्याच्या आज्यानं ससाणे पाळले, बापानं ससाणे धरून विकले, आणि नजीरच्या वाट्याला मोकळं आभाळ आलं. त्याच्या माहितीत एकच जोडी उरली होती, ती तोरण्याच्या कड्यावर. मंडळाचा नियम असा होता : पक्षी विसाच्या आत भरले, तर त्यांच्यावर बंदूक चालवायला बंदी घालावी अशी शिफारस सरकारात जाणार. शंभराच्या वर भरले, तर संग्रहालयात पेंढा भरून ठेवायला एक मारायची परवानगी मिळणार. नजीरनं नोकरी धरली ती या नियमासाठी. ‘दोन’ हा एवढासा आकडा त्याला पुण्याला सुखरूप पोचवायचा होता.

पण मोजणीदाराचं एकट्याचं मत मंडळाला चालत नसे. गावातल्या जाणत्या माणसाच्या तोंडचाच आकडा हवा. वरच्या वाडीचे जाणते म्हणजे चिमाजीआबा. त्यांनी कड्याकडं बोट केलं. “दोन हायेत. नर आन् मादी. तिसरं आजून आमी बगितलं न्हाई.”

नजीर खूष होऊन किकवीला गेला. तिथं पारावर कुणी मान वर करून आभाळाकडं बघायला तयार होईना. म्हणून त्यानं आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं. “सोनबानाना, ज्या गावात ससाणा हाय त्या गावाचं नाव पुस्तकात छापणार हायेत.”

सोनबानाना उठून बसले. “वेल्ह्याकडं किती घातले?”

“दोन.”

“मग आमचे चार घाल.”

“नाना, चार बगितले का तुमी?”

“जत्रंत आमची काठी त्यांच्या मागं कदी गेलीया का? चार घाल.”

कामथडीला किकवीची बातमी नजीरच्या आधी पोचली होती. अंबूबाई खळं सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, “आमच्या खळ्यावर नऊ बसत्यात. रांगंत.”

“ससाणा रांगेत बसत न्हाई, मावशी.”

“तुमच्या भोरचा बसत नसंल.”

परतीच्या वाटेवर नजीरला चिमाजीआबांनी गाठलं. “आमचे दोन खोड आन् बारा कर.”

“आबा, तुमी तर खरं सांगितलं हुतं!”

“तवा बाकीच्यांचं ठावं नव्हतं.”

बारा, चार, नऊ. पंचवीस झाले. नजीरनं मनाची समजूत घातली, की मंडळात शिकलेली माणसं आहेत, ती हसतील आणि आकडा खाली आणतील. आणि झालंही तसंच. “खेडूत फुगवून सांगतात,” असं म्हणून चिटणिसांनी पंचविसाचे निम्मे केले. साडेबारा! विसाच्या आत! नजीरनं मनातल्या मनात कड्याला सलाम ठोकला.

मग चिटणिसांच्या ध्यानात आलं, की ही तर फक्त तीन गावं. भोर-वेल्ह्याकडची गावं त्यांच्या अंदाजानं दोनशे. साडेबाराला तिनानं भागून दोनशेनं गुणलं. आठशे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश ससाणे निघाले. तो तृतीयांश कुठल्या गावचा, यावर सभेत बराच वेळ चर्चा झाली. व्याप्तीच्या रकान्यात ‘सर्वत्र’ असं लिहिलं गेलं.

“साहेब, जोडी एकच आहे,” नजीर म्हणाला. “मी पाहिली आहे.”

“तुम्ही एक माणूस,” चिटणीस समजुतीनं म्हणाले. “हे दोनशे गावांचं मत आहे.”

माघात मंडळाचा परवाना घेऊन शिकारी आला. नजीर त्याला मुद्दाम कामथडीला घेऊन गेला. अंबूबाईनं घारी दाखवल्या. किकवीत सोनबानाना म्हणाले, “कालच सातारच्या अंगाला गेले. आता शिमग्याला येतील.” शिकारी वैतागला आणि नजीरला तिथंच सोडून वेल्ह्याकडं निघाला.

वरच्या वाडीत चिमाजीआबा वाटच बघत होते. “किकवीवाल्यांनी दावला का? न्हाई ना? या. आमी दावतो.”

नजीर धापा टाकत पोचला तेव्हा आबा कड्याखाली धोंड्यावर बसले होते. मोठा पक्षी तो नमुन्याला चांगला, म्हणून शिकाऱ्यानं मोठा टिपला होता. ससाण्यांत मोठी असते ती मादी.

“दोनच हुती रं, नजीर,” आबा म्हणाले.

“व्हय, आबा.”

“आन् म्या मोठ्या मानानं दावलं.”

पुस्तकात नाव छापायचं नजीरलाच सुचलं होतं.

तेवढ्यात नर पारवा घेऊन आला. या दिवसांत नर शिकार घेऊन येतो, हाक मारतो, आणि मादी कपारीतून झेपावून उडता उडता त्याच्या पायातनं ती उचलते. त्यानं हाक मारली. एक घिरटी घातली, पुन्हा हाक मारली. मग पारवा तसाच घेऊन कपारीपाशी बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आबा तिसऱ्या दिवशीही बघायला गेले, आणि मग त्यांनी भोरला निरोप पाठवून नजीरला बोलावून घेतलं.

“मंडळानं काय केलं?”

“एक वजा केला.”

“म्हंजी त्यांच्याकडं आजून लई हायेत?”

“लई हायेत, आबा.”

“मग लिव.”

नजीरनं मांडी घातली आणि आबांच्या अंगठ्यासाठी खाली जागा सोडून लिहिलं :

‘मे. चिटणीस, सह्याद्री पक्षिगणना मंडळ, पुणे, यांसी. अर्जदार वरची वाडी, वेल्हे, येथील रहिवासी. विनंती ऐसीजे, मंडळाच्या दप्तरी आजमितीस आठशे बत्तीस पूर्णांक एक तृतीयांश ससाणे शिल्लक आहेत. येथे नर रोज हजर असून मादीची एक जागा रिकामी आहे. तरी सदर शिलकेपैकी मादी नग एक, पूर्ण, पाडव्याच्या आत तोरण्याच्या कड्यावर रुजू होण्यास पाठवण्याची तजवीज व्हावी.’