हत्तीसुद्धा रडला

फ्रेमवाल्याच्या दुकानापासून थेट कोपऱ्यापर्यंत माणसं उभी होती. त्याचा मुलगा अपघातात जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि आत भिंतीवरची त्या मुलाची तसबीर म्हणे रडत होती.

मी शेजारचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गर्दीबरोबर आत शिरलो. तसबिरीसमोर भला मोठा बल्ब पेटवला होता.

"बल्ब बंद! पंखा लावा!" तसबिरीशेजारी बसलेले एक भगव्या कफनीतले बाबा गरजले. "आत्म्याला वारा लागू द्या!"

थोड्या वेळाने बॅटरीचा झोत पडला. काचेवर थेंब. एक ओघळ डोळ्यावरून गालावर उतरला.

"बघा, पोरगं रडतंय! का? पांढऱ्या पायाची बायको अजून घरात आहे म्हणून! उद्याच्या उद्या तिला माहेरी धाडा. नात इथंच ठेवा. मग बघा, डोळे कसे खडखडीत कोरडे होतात!"

सून माझ्या शेजारीच उभी होती.

"पोरीला सोडून जाशील?" मी हळूच विचारलं.

"काय करू, काका? ते रडतायत ना." तिने मानही वर केली नाही.

मी पुन्हा तसबिरीकडे पाहिलं. थेंब कानांवर होते, शर्टाच्या बटणांवरही होते. पण बटणं रडतात असं कोण म्हणणार?

फ्रेमवाल्याला बाजूला घेतलं. "फोटो चिकटवल्यावर खळ वाळू दिली होती?"

एरवी हा गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी खळ वाळल्याशिवाय फ्रेम हातात न देणारा माणूस!

"ओलीच होती," तो म्हणाला. "तशीच मागून कागदाची पट्टी मारून बंद केली. हात चालत होते, मास्तर. मी नव्हतो तिथं."

दुसऱ्या दिवशी गर्दी जमायच्या आत आम्ही दोघांनी नातीने रंगवलेला हत्ती ओल्या खळीनेच चिकटवून फ्रेममध्ये बंद केला आणि तसबिरीशेजारी टांगला.

"हा काय पोरखेळ?" बाबा खेकसले.

"असू द्या. हत्तीलाही वारा लागू द्या की."

बल्ब तापला, विझला. पंखा फिरला. मी बॅटरी मारली. हत्तीच्या डोळ्याखाली पाणी, सोंडेवर पाणी, शेपटीवरसुद्धा.

"बाबा," मी विचारलं, "आता हत्तिणीला कोणत्या माहेरी धाडायचं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा ग्रहमानाबद्दल काहीतरी पुटपुटत चपला शोधू लागले.

फ्रेमवाल्याने मुलाची तसबीर उतरवून मागची पट्टी फाडली. पुठ्ठा अजून दमट होता. जमलेल्या मुलांना मी एकेक करून तो चाचपायला लावला. "बल्बने हा पुठ्ठा तापतो. त्यातल्या ओलीची वाफ होते. ती बाहेर कुठून जाणार? बल्ब विझून वारा लागला की काच आधी गार होते, आणि आतून तिच्यावर वाफेचं पाणी धरतं. बस, एवढंच."

"म्हणजे तो रडत नव्हता?" सासूने विचारलं.

"नाही, वहिनी."

ती सुनेकडे वळली. "मग मी हिला उगाच घालवायला निघाले होते."

सुनेने लेकीला कडेवर घेतलं. "चल, जेवायचंय तुला," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

मुलांनो, थेंब खरेच होते. खोटा होता तो त्यांचा बाबांनी लावलेला अर्थ. दुःखाने माणूस बधिर होतो, तेव्हा कुणीही येऊन त्याला काहीही सांगू शकतं. म्हणून घरातल्या माणसाला दोषी ठरवण्याआधी फ्रेम उघडून बघा.