यादीतून उठून गेलेलं कार्ड

मशीन रूमचे मोठे साहेब इतके संशयी, की आरशासमोर उभे राहिले तरी समोरच्याकडे आधी ओळखपत्र मागायचे. खोटं वाटत असेल तर आरशाला विचारा. अशा माणसाच्या हाताखाली त्यांचाच जावई कामाला लागला, आणि एका सकाळी सर्व्हरच्या उपकरणांच्या यादीतून केबल जोडायचं नेटवर्क कार्ड नाहीसं झालं.

“जावईबापू, महागाचं कार्ड होतं. कुठे विकलंत?”

“जागेवरच आहे, मामा. काम धिमं होत होतं, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातून काढून थेट प्रोग्रॅमच्या ताब्यात दिलं. आता सिस्टीमला ते दिसत नाही. जुनं नावही गेलं. मशीनच्या कुठल्या खाचेत बसलंय, एवढीच त्याची ओळख.”

“नाव टाकून राहतो त्याला आमच्यात फरारी म्हणतात.”

कार्ड खरंच आहे का ते पाहायला साहेबांनी त्याचा दिवा लुकलुकवायची कमांड दिली. असं उपकरणच नाही, म्हणून मशीनने हात झटकले.

“कमांड सिस्टीममार्फत जाते हो. जे तिलाच दिसत नाही, त्याचा दिवा ती कशी लावणार?”

साहेब मशीनच्या मागे गेले. खाचेत कार्ड, कार्डात केबल, वर हिरवा दिवा.

“दिवे खेळण्यालाही असतात. खरं घरी नेलंत, खोटं इथे खोचलंत. आज तुमची नोकरी गेली, आणि आमचा उंबरठाही.”

त्यांनी तिथलाच ऑफिसचा फोन उचलून घरी लावला.

“ऐकतेस का? लेकीला माघारी बोलाव. मला आधीपासूनच वास येत होता.”

“तुम्हाला गुलाबालाही कांद्याचा येतो,” पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

जावई शांतपणे म्हणाला, “खोटंच आहे ना मामा? मग उपटा केबल.”

साहेबांनी रिसीव्हर खांद्यात दाबला आणि केबलला हात घातला. “सांगतो काय, आपले जावई पक्के...”

केबल निघाली आणि फोन मुका झाला. शेजारच्या खोल्यांतून ‘हॅलो, हॅलो’ ऐकू यायला लागलं. जावयाने स्क्रीनवर प्रोग्रॅम दाखवला: तिसरी खाच, वरचं पोर्ट, जोडणी तुटली.

“ऑफिसचे सगळे फोन याच खोट्या कार्डातून जातात.”

साहेबांनी केबल परत खोचली. लगेच फोन वाजला.

“अर्धंच ऐकू आलं. आपले जावई पक्के काय?”

साहेबांनी घसा खाकरला. “कामाचे. लेकीला राहू दे तिथेच.”

फोन ठेवला, पण हात रिसीव्हरवरच राहिला.

“म्हणजे मी घरी जे जे बोलतो, ते तुमच्या प्रोग्रॅममधून जातं?”

“जातं की.”

तेव्हापासून बायकोला काही सांगायचं असलं की साहेब चालत घरी जातात. सासूबाई म्हणतात, कार्ड गुणाचं निघालं.