फाद्रिकेच्या चित्रातला घोडा

मी एक जुना, चाकांवर चालणारा लाकडी घोडा आहे, मित्रांनो, आणि माझ्या मनातला राग अजून विझलेला नाही.

माद्रिदच्या लावापिएस वस्तीत मेल्चोर नावाच्या सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवले, आपल्या लेकीसाठी, तिबुर्सियासाठी. गल्लीतली पोरे पाळीपाळीने माझ्यावर बसत. भांडणे होत, पण मला कोणी लाथ मारली नाही.

एकदा एक चित्रकार गरिबांच्या मुलांचा खेळ रंगवायला निघाला. “कपडे फाटकेच असू द्या रे,” म्हणत तो पोरांना आणि मला मार्केसाबाईंच्या, म्हणजे एका बड्या सरदारीणबाईंच्या, बागेत घेऊन गेला. तिथे बाईंच्या मुलाने, फाद्रिकेने, माझी शेपटी धरली.

“हा माझा!”

“तुझा कसा? माझ्या बाबांनी केलाय!” तिबुर्सिया ओरडली.

बाई हसल्या. “अगं, रडतेस काय? कपभर चॉकलेट पी आणि घरी जा.”

बासिलिसा नावाच्या दासीने निमूटपणे मला आत नेले. फाटक बंद झाले तरी तिबुर्सियाचे हुंदके ऐकू येत होते.

मला सोनेरी रंग चढला, रेशमी खोगीर आले. आणि रोजच्या लाथा! “पळ की रे, ठोंब्या!” म्हणत फाद्रिके माझ्या पुढच्या चाकावर टाचा हाणायचा. चाकाची खुंटी सैल झाली. मला ते कळत होते. मी वाट पाहिली.

मग माझ्यावर बसलेल्या फाद्रिकेचे चित्र काढायचे ठरले. पाहुणे जमले. तो ऐटीत बसला, खुंटी निसटली, मी कलंडलो आणि तो दगडी पायरीवर आपटला. पुढचे दोन दात गेले. खोटे कशाला बोलू? सोनेरी रंग चढला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

पण बाई बासिलिसावर कडाडल्या. “चाक बघायला डोळे नव्हते तुला? चालती हो!” ती बिचारी गाठोडे घेऊन गेली. माझ्या सुडाची झळ तिला लागली, याचे मला वाईट वाटते. बाईंना मात्र मी तेही माफ केलेले नाही.

नवी खुंटी ठोकून मला चित्रापुरते पुन्हा उभे केले. नंतर या अडगळीच्या खोलीत फेकले.

मित्रांनो, खेळणी जपा. पण आधी ती कोणाची आहेत ते विचारा. हिसकावलेले खेळणे मुके असते, बावळट नसते.

चित्रासाठी मला पुन्हा उभे केले त्या दिवशी चित्रकार अदबीने म्हणाला होता, “धाकटे मालक, जरा हसा ना!”

फाद्रिकेने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली.