कोटावरून वकील

“न्यायदेवता आंधळी असली तरी चालतं, शिंपी आंधळा असून चालत नाही!” असे बाणेदारपणे सुनावून मास्तरांनी सुई ओवायला बायकोच्या हातात दिली.

बाईंनी ती एका दमात ओवली. “पोरीला आत टाकून आज तिसरा दिवस. वकील ठरवायचा सोडून कोट कसले न्याहाळताय?”

“कोटावरूनच ठरवतोय.”

मास्तरांचे दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत. चाळीस वर्षे त्यांनी वकिलांचे काळे कोट शिवले, उसवले, रफू केले. दारावर पाटी होती : ‘इलॅस्टिकचे काम केले जात नाही.’ इलॅस्टिक ही आळशी शिंप्याची पळवाट, असे त्यांचे ठाम मत. मुलगी नर्स झाली तेव्हा तिच्या गणवेशाच्या पायजम्यालाही त्यांनी नाडीच घातली. ‘बाप नाडी घालतो, लेक नाडी बघते,’ हा विनोद गल्लीने दहा वर्षे पुरवून पुरवून वापरला.

गेल्या आठवड्यात तिने दिलेल्या इंजेक्शननंतर एक रोगी दगावला. डोस डॉक्टरांनी तोंडी सांगितला होता, आणि तोंडी सांगितलेले डॉक्टरांना आता आठवत नव्हते. हॉस्पिटलच्या मते चूक एकाच हाताची होती. तो हात मास्तरांच्या मुलीचा.

“तो मोठ्या आवाजाचा घ्या ना,” बाई म्हणाल्या. “बोलायला लागला की रस्त्यापर्यंत ऐकू येतं.”

“त्याच्या काखा उसवतात. हात फेकून बोलतो. दर वेळी अशील आत जातो आणि कोट माझ्याकडे येतो.”

“मग तो अत्तरवाला?”

“आतून तिसरा खिसा शिवून घेतलाय त्यानं. वकिलाला दोन पुरतात. तिसरा समोरच्या पार्टीसाठी.” मास्तरांनी गठ्ठ्यातून एक जुना कोट काढून उजेडात धरला. दोन्ही कोपरे इतकी विरली होती, की पलीकडे बसलेल्या बाई दिसल्या. “हा बघ! टेबलावर कोपरं टेकून कागद वाचणारा माणूस.”

“त्याचं नाव तरी ऐकलंय का कुणी?”

“नावं खोटं बोलतात. कोपरं खोटं बोलत नाहीत.”

कोपरांचा मालक दुपारी कोट न्यायला आला. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी कोपरांचा पुरावाही सादर केला.

वकिलाने विरलेल्या कोपरावरून बोट फिरवले. “मास्तर, तुम्हाला फसवत नाही. ही वाचून नाही झिजली. मी बार रूममध्ये हातावर डोकं ठेवून झोपतो. कामच नसतं.”

चाळीस वर्षांची शिवण एका वाक्यात उसवली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले, पण बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात ही पहिलीच संधी त्यांनी वाया घालवली.

वकील उठला. दाराशी थांबला. “दोन चांगली नावं देतो, त्यांना भेटा. पण पोरगी काय म्हणते? डॉक्टर नेमकं काय बोलला, आठवतंय तिला?”

“भेटलो नाही अजून.”

“तीन दिवसांत?”

“वकील ठरला की त्याला घेऊनच जाऊ म्हटलं. मोकळ्या हातानं कसं जायचं?”

वकिलाने विरलेला कोट तसाच अंगात घातला. “चला.”

“पण तुम्ही तर झोपता...”

“आज जागा आहे.”

पोलीस कोठडीतून मुलगी भेटीला आली ती एक मूठ कमरेशी आवळून. पोटात दुखत असेल, असे मास्तरांना वाटले. वकील विचारत गेला, ती सांगत गेली : किती वाजता, कोणती खाट, डॉक्टरांचे शब्द. त्याने सगळे लिहून घेतले आणि पेन मिटले.

“खोटा धीर देत नाही. डॉक्टर बोलला तेव्हा तिथं तिसरं कुणी नव्हतं. जामिनासाठी झगडू. पुढचं अवघड आहे.”

तिने मान डोलावली. वकीलपत्रावर एकाच हाताने सही करताना कागद सरकायला लागला, तेव्हा वकिलाने त्यावर कोपर टेकवले. तिची दुसरी मूठ कमरेवरून हलली नाही.

मास्तरांना कंठ फुटला. “पोरी, घाबरू नकोस. वरच्या कोर्टात जाऊ, त्याच्याही वर जाऊ. तुझा बाप अजून...”

“बाबा,” ती पुढे वाकली. वकिलाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, “पहिल्याच दिवशी नाडी काढून घेतली त्यांनी. कुणी फास लावून घेईल म्हणून सगळ्यांचीच काढतात.” मूठ आणखी घट्ट झाली. “उद्या येताना तेवढा इलॅस्टिकचा पायजमा शिवून आणाल?”