तोंडपाठ

मिरचीची तोडणी म्हणजे कंबरेचा काटा ढिला करणारं काम. त्यात त्या वर्षी ऊन असं की सकाळी दहालाच माती तळपायाला चटके द्यायची. आई सरीत वाकली होती आणि शेजारच्या सरीत तिची नऊ वर्षांची पोर. शाळेला रविवारची सुट्टी म्हणून सोबत आलेली. तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही म्हणून घरात तिला सगळे चिमणी म्हणत.

आदल्या दिवशी शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

"तुमच्या मुलीला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या.

आई हसलीच. "असं कसं? रोज मला धडा वाचून दाखवते की, घडाघडा!"

मग बाईंनी सगळं सांगितलं. चिमणी वाचत असताना त्यांनी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली, तरी पोर न अडखळता सुटलेल्या मधल्या पानावरचंच म्हणत राहिली. अख्खं पुस्तक पाठ! अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं ठरत नाहीत, डोकं मात्र चांगलं आहे, शिकवायची रीत तेवढी वेगळी हवी. सोमवारपासून दुसऱ्या खोलीत रोज तासभर वेगळ्या बाई शिकवतील.

"पण आधी तुम्ही तिला सांगा. एकदम नेलं तर बिथरेल."

सांगा म्हणे! आईचा स्वतःचा अक्षराशी कधी संबंध आला नव्हता. नवऱ्यापाशी विषय काढला तर, "पोरीला वेडी ठरवता काय?" एवढं बोलून तो गुरांना पाणी पाजायला निघून गेला. म्हणजे हेही काम आईच्याच गळ्यात.

तीन सऱ्या उरकल्या, चौथी उरकली. शब्द ओठावर यायचा आणि माघारी फिरायचा. शेवटी दुपारी बांधावर भाकरी सोडल्यावर ती म्हणाली, "चिमणे, काल बाई भेटल्या."

पोरीचा घास हातातच राहिला. "काय म्हणाल्या?"

"तू वाचत नाहीस, पाठ म्हणतेस, म्हणाल्या."

"खोटं आहे ते!"

आईनं वाद घातला नाही. पाण्याची बाटली तिच्यापुढं सरकवली.

दोन घोट घेऊन चिमणी म्हणाली, "मला शाळेतल्या त्या छोट्या खोलीत घालणार ना? तिथं ढ पोरं जातात. मी नाही जाणार. रोज तुझ्याबरोबर तोडणीला येईन."

"ढ असतीस तर एवढं पुस्तक पाठ झालं असतं?"

"मग माझीच अक्षरं का हलतात?"

"मला नाही गं माहीत. त्या खोलीतल्या बाईंना माहीत आहे म्हणतात." आईनं विचारलं, "पाठ कसं करायचीस?"

"पुढच्या बाकावरची वाचते ना, तेव्हा ऐकायचं. मग वाटेनं म्हणायचं. पाणी भरताना म्हणायचं. एखादा शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं."

"दमत असशील गं बाई."

आई एवढंच बोलली, पण पोरीचा बांध फुटला. आईनं डोळे पुसायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मिरचीचा हात, कितीही धुतला तरी तिखट जात नाही. तिनं कोपरानंच लेकीला जवळ ओढलं.

"तुला फसवलं म्हणून रागावलीस?" हुंदक्यातून प्रश्न आला.

"रागवायचं त्राण कुठं आहे मला? एवढं ओझं एकटीनं ओढलंस नि मला दिसलं नाही, त्याचं वाईट वाटतंय."

"सगळ्यांसमोर हाक मारून नेऊ नका म्हणावं."

"सांगते."

सोमवारी आई तोडणीचा अर्धा दिवस बुडवून शाळेत गेली आणि बाईंना तसं सांगितलं. बाई हो म्हणाल्या. छोट्या खोलीत नव्या बाईंनी पुस्तक उघडून समोर ठेवलं. दाराशी उभ्या आईला वाटलं, आता ही पुन्हा घडाघडा सुरू करते की काय!

चिमणीनं पुस्तकाकडं पाहिलं. मग मान वर करून म्हणाली, "बाई, मला वाचता येत नाही."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "बस."

आई शेतावर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बाकीच्या बाया दोन सऱ्या पुढं गेल्या होत्या. तिनं डोक्याला फडकं गुंडाळलं, मिरच्यांची पाटी ओढली आणि आपल्या सरीत वाकली.